कन्हानकर साहेब आणि पिस्ता रंगाचा सफारी

माझ्या नवऱ्याने नवरदेवाच्या मामाचा खून केलेला नाही. हे मी भाजीवालीला सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या तलावावर फिरायला येणाऱ्या बायांना तर ओळीने उभं करून सांगितलं. तरी लोक मला पाहून भुवया उडवतात. फरक एवढाच की आता त्या भुवया नवऱ्यासाठी उडत नाहीत, भलत्याच कारणासाठी उडतात. ते कारण येईलच. आधी प्रेमिलाबद्दल सांगते, कारण ही सगळी भानगड तिची आहे.

प्रेमिला माझी धाकटी जाऊ. माहेर खाप्याचं, कन्हान नदीच्या काठावरचं. तिचे वडील विणकर, आमचं सासरही विणकरांचं. ती लग्न होऊन आली तेव्हा आमच्याकडचे माग निघून गेले होते आणि मागाच्या खोलीत सासऱ्यांची, रामाजींची, खाट आली होती. दिसायला गरीब गाय. पदर डोक्यावर, नजर खाली. मला वाटलं, बरं झालं, शांत बाई मिळाली. आठवडा गेला नाही तर कळलं की ही बाई नजर खाली ठेवून घरातलं सगळं पाहते. साखरेच्या डब्याचं झाकण उलटं कोणी लावलं, पेपरमधलं कोडं अर्धं सोडवून कोणी ठेवलं, सासूबाईंनी लपवलेले पेढे कोणी खाल्ले, सगळं तिला ठाऊक. पेढे सासूबाईंनीच खाल्ले होते. तेही तिने सिद्ध करून दाखवलं, बिचाऱ्या सासूबाईंच्या पदराला लागलेल्या वेलचीवरून.

आमच्याकडे एक रीत होती. धाकटी सून भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, तोंड उघडत नाही. आता कोणी पाळत नाही, पण प्रेमिला आली तेव्हा सासूबाई होत्या, आणि सवय पडली ती पडलीच. भासरा म्हणजे माझा नवरा, बाबनराव पराते. एकाच घरात राहून ही दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. मधे पोस्ट ऑफिस मी. बाबनराव भिंतीकडे पाहून म्हणायचे, "चहात साखर कमी आहे, असं कोनी सांगा बा." प्रेमिला भांड्यांकडे पाहून म्हणायची, "डब्बा रिकामा आहे, असं कोनी सांगा नं." तिघंही चार हातांवर उभी, आणि मी निरोप पोचवायचा! अंगाची लाही लाही व्हायची माझ्या.

पुढे प्रेमिलाला धंतोलीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर नोकरी लागली. तिची लेखिका तिथे झाली. तिथे अख्ख्या विदर्भातून माणसं येतात आणि डॉक्टरची वाट पाहत तासन्‌तास बसतात. ही त्यांना खुनाच्या गोष्टी सांगायला लागली. प्लास्टरवाल्या लोकांना खून फार आवडतात असं तिचं मत आहे. पण व्हायचं काय, की गोष्ट रंगात आली की ऐकणाऱ्याचा नंबर यायचा. तो एक्स-रे काढून परत आला की विचारायचा, मधे काय झालं? तोवर भंडाऱ्याच्या एखाद्या बाईने हट्ट धरलेला असायचा, "मले तं तो माळीच चोर वाटते, तुमी त्याच्याच मांगं जा." मग प्रेमिला त्या बाईसाठी माळ्याच्या मागे जायची आणि एक्स-रेवाल्यासाठी मोलकरणीच्या मागे. एकच खून, एकच खुनी, पण ज्याला ज्याच्यावर संशय त्याला तशी गोष्ट. संध्याकाळी घरी येऊन मला सांगायची, "बाई, आज एका मुडद्याले चार वाटांनी नेलं."

माझी मुलगी हर्षा कॉम्प्युटर शिकलेली. ती म्हणाली, काकू, हे तर मोबाइलवर झकास होईल. आणि तिने ते वाचायच्या एका अ‍ॅपवर चढवलं. त्यात युक्ती सोपी आहे. कथेत येणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव निळ्या अक्षरात. ज्याच्यावर तुमचा संशय, त्याच्या नावावर बोट दाबायचं. मग कथेतली गुप्तहेर, निवृत्त नर्स सखूबाई, त्याच्या मागे जाते. ही सखूबाई खुनाच्या जागी गेली की आधी स्वयंपाकघरात शिरते आणि काय उरलंय ते पाहते. मला ती फार आवडते.

लेखकाचं नाव मात्र प्रेमिलाने खरं दिलं नाही. 'प्र. रा. कन्हानकर' असं दिलं. प्र म्हणजे प्रेमिला, रा म्हणजे सासऱ्यांचं रामाजी आणि कन्हान माहेरची नदी. वाचकांना वाटलं, कोणीतरी निवृत्त पोलीस अधिकारी असावा, मिशीवाला. घरात हर्षाला, मला आणि प्रेमिलाच्या नवऱ्याला तेवढं ठाऊक. माझा दीर चंदन शाळेची व्हॅन चालवतो, भला माणूस आहे, पण गोष्ट ऐकली की झोपतो. प्रेमिला प्रत्येक प्रकरण त्याला आधी वाचून दाखवायची. तो घोरायला लागला की ते पान फाडायचं, जागा राहिला की छापायचं.

पहिल्या कादंबरीत मोठी फजिती झाली. पानं चढवताना खालीवर झाली आणि वॉचमनच्या नावावर बोट दाबलं की ज्याचा खून झाला तोच माणूस पुढच्या पानावर ठणठणीत बसलेला, आणि चण्याच्या झणझणीत रश्श्याचे तर्री पोहे मागतोय! वर म्हणतोय, तर्री जरा वरून टाका. हर्षा रडायच्या बेतात आली. प्रेमिलाने कपाळाला हात लावला, तसाच हात खाली आणला आणि लिहायला बसली. दुपारपर्यंत मेलेल्या माणसाला एक जुळा भाऊ झाला होता. लोकांना तो भाऊ इतका आवडला की यवतमाळच्या एका वाचकाने त्याच्यासाठी स्थळ सुचवलं.

त्याच सुमारास कन्हानकर साहेबांना एका वाचकाची पत्रं यायला लागली. अ‍ॅपमधे लेखकाला निरोप पाठवायची सोय आहे. वाचकाचं नाव 'जागरूक वाचक, सक्करदरा'. पहिला निरोप असा: 'म्हणजे कसं आहे का कन्हानकर साहेब, तुमचं लेखन उत्तम आहे परंतु यापुढे कृपया जुळा भाऊ काढू नये.'

प्रेमिलाने मला तो वाचून दाखवला आणि आम्ही दोघी एकमेकींकडे पाहतच राहिलो. 'म्हणजे कसं आहे का' असं म्हटल्याशिवाय ज्याचं एक वाक्य सुरू होत नाही असा माणूस सक्करदऱ्यात एकच आहे, आणि तो तेव्हा ओसरीवर बसून मोबाइल नाकाला लावून वाचत होता.

मग काय विचारता! जी दोघं घरात कधी एक शब्द बोलली नव्हती ती दिवसभर गप्पा मारायला लागली. तो ओसरीवर, ती आतल्या खोलीत, मधे एक भिंत. बाबनराव लिहायचे, सखूबाईला मधुमेह दाखवा, म्हणजे वाचकांना बोध होईल. कन्हानकर साहेब उत्तर द्यायचे, सूचना विचाराधीन आहे. हळूहळू बाबनराव मनातलंही लिहायला लागले. की रिटायर झाल्यावर घरात कोणी काही विचारत नाही. की मोहल्ल्याच्या मंडळाचं अध्यक्षपद आहे म्हणून बरं आहे. की तुमच्यासारखा विद्वान मित्र मिळाला, हे माझं भाग्य. ते निरोप प्रेमिला दोन-दोनदा वाचायची. ती म्हणायची, "बाई, हे मानूस इतकं बोलते हे मले मालूमच नोतं. त्यायले कळलं की मी आहो, तं पुन्हा एक अक्षर लिहनार नाहीत. अन् मंग मले तरी काय लिहू वाटन?"

हे लक्षात ठेवा. पुढे जे झालं त्यात पणाला लागलं होतं ते हेच.

कारण मधल्या काळात बाईसाहेबांनी एक उद्योग करून ठेवला होता. नवी कादंबरी सुरू झाली, 'पंगतीतला मुडदा'. लग्नघरात शेवटच्या पंगतीला नवरदेवाचा मामा आमरसाची वाटी तोंडाला लावतो आणि पाटावरच आडवा होतो. घरातले सगळे संशयित. त्यांत एक 'काका'. पिस्ता रंगाचा सफारी घालणारे, खिशाला न चालणारी तीन पेनं लावणारे, पंगतीत वाढणाऱ्याला पुऱ्या किती तळल्या ते विचारणारे, बोलण्याआधी घसा खाकरणारे. मी पहिलं प्रकरण वाचलं आणि हातातली लसणाची पाकळी खाली पडली.

"काहून वं असं केलं?" मी विचारलं.

"हे आपोआपच आलं बाई," ती म्हणाली. "इतकी वर्षं बोलता येत नोतं तं नुसतं पाहातच होती नं मी. ज्याले इतकं पाह्यलं तो कागदावर उतरनारच. पन काका बेकसूर आहेत. शेवटी सुटतात."

शेवट तिने हर्षालाही सांगितला नव्हता. दर आठवड्याला एक प्रकरण यायचं आणि शेवटचं मारबतीच्या दिवशी संध्याकाळी यायचं होतं. पण तोवर गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंत जो तो काकांच्या नावावर बोट दाबत सुटला होता. मीही दाबायची. खोटं कशाला सांगू, सखूबाई नवऱ्याच्या मागे लागलेली पाहायला मला गुदगुल्या व्हायच्या. आणि सगळ्यात जास्त कोण दाबत होतं? बाबनराव! स्वतःला त्यांनी ओळखलंच नाही. जेवताना माझ्यावर डाफरायचे, "असा हलकट मानूस मी जल्मात पाह्यला नाही. पुऱ्या मोजते लेकाचा! किती तळल्या तुनं?"

"बारा," मी सांगायची.

"हं," म्हणून ते पुढचं पान उघडायचे.

एकदा त्यांचा काहीतरी निरोप आला आणि प्रेमिला हसत हसत पलंगावर कोसळली. डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, वाच की. ती मान हलवून नाही म्हणाली, "ॲपमधी बिघाड आहे म्हनून तक्रार केली त्यायनं." एवढ्यात काय हसण्यासारखं आहे ते मला कळलं नाही. मी पोळ्या लाटायला गेले.

आता नागपूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. पिवळी मारबत, काळी मारबत या बाईच्या रूपातल्या मोठ्या मूर्ती आणि त्यांच्यासोबत बडग्या, म्हणजे मोहल्ल्या-मोहल्ल्याने केलेले पुतळे. वर्षभरात ज्याने लोकांना छळलं त्याचा बडग्या. महागाईचा, खड्ड्यांचा, कधी पुढाऱ्याचा. गळ्यात पाटी लटकवायची, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून आरोळ्या ठोकायच्या आणि शेवटी जाळून टाकायचं. आमच्या मंडळाच्या बैठकीत यंदा कोणाचा बडग्या यावर खल चालला होता. अध्यक्षांनी घसा खाकरला.

"म्हनजे कसं आहे का," बाबनराव म्हणाले, "खड्डे तं दर साली राहतात. यंदा काकाचा करू. पंगतीतल्या खुन्याचा."

टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणे. अर्धं मंडळ ती कादंबरी वाचत होतं. घरी येऊन त्यांनी ही बातमी मला सांगितली आणि कपाट उघडलं. "माह्याकडे एक जुना सफारी पडला आहे, पिस्ताच रंगाचा. योगायोग पाह्य!"

मी तो सफारी धान्याच्या कोठीत लपवला. त्यांनी दुसरा काढला. या माणसाकडे पिस्ता रंगाचे तीन सफारी आहेत, कारण एकदा ठोक कापडाच्या दुकानात अख्खा तागा स्वस्तात मिळाला होता. तीन बंद पेनंही त्यांनीच दिली. आत प्रेमिला मोबाइल घेऊन बसली. तिने कन्हानकर साहेबांच्या नावाने तातडीचा निरोप पाठवला: 'काकांचा बडग्या करू नये. खुनी अद्याप ठरलेला नाही.' भिंतीपलीकडून लगेच उत्तर आलं: 'साहेब, तुम्ही लेखक लोक फार मऊ मनाचे. हे आमच्यावर सोडा.'

पोळ्याच्या दिवशी घरात पुरण शिजत होतं आणि आम्ही दोघी जावा एकमेकींना चिमटे काढत होतो. प्रेमिला म्हणाली, "मोहल्ला हासन त्यायच्यावर. अन् माह्यापायी. बाई, खरंच सांगतो, तसं झालं तं मी लिहनं बंद करन." ती गंमत करत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बडग्या तलावाच्या रस्त्यावर हातगाडीवर उभा होता. पिंटू पेंटरने तोंड रंगवलं होतं. त्याने बिचाऱ्याने कादंबरीतलं वर्णन वाचून काढलं: फुगीर गाल, कानावर केसांचे दोन झुबके, खालचा ओठ जरा पुढे. काढून झाल्यावर हा चेहरा कुठेतरी पाहिलाय असं त्याला दोन दिवस वाटत होतं म्हणे. ढोल-ताशे वाजत होते, पोरं उड्या मारत होती, आणि अध्यक्ष भाषणासाठी गाडीवर चढले. अंगात तिसरा सफारी. पिस्ता.

बडग्याच्या शेजारी उभं राहून त्यांनी घसा खाकरला.

"म्हनजे कसं आहे का..."

ढोलवाल्याचा हात हवेत थांबला. मुग्धा म्हणून आमच्या समोरच्या घरातली सून, तिच्या तोंडून बारीक 'ईऽऽ' निघालं. मग कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग तो हशा असा उसळला की तलावावरचे बगळे उडाले. लोक एकदा पुतळ्याकडे बघत, एकदा अध्यक्षांकडे. पिंटू पेंटरने जीभ चावली. बाबनराव आधी स्वतःही हसले, सगळे हसतायत म्हणून. मग त्यांनी पुतळ्याच्या खिशातली पेनं पाहिली. मग आपल्या खिशातली. मग खाली वाकून आपला सफारी पाहिला.

त्यांचा चेहरा उतरला ना, तो मला पाहवला नाही. इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल केली, पण त्या क्षणी हसणाऱ्या एकेकाला पायताणाने झोडावंसं वाटलं मला. ते गाडीवरूनच हळू आवाजात म्हणाले, कोणाला म्हणून नव्हे, "कन्हानकर साहेब मले ओळखतात का? मी त्यायले मनातलं सारं लिवलं. अन् त्यायनं मले..."



आणि तेव्हा माझ्या शेजारून प्रेमिला निघाली. गर्दीतून सरळ. पदर खांद्यावर पडला होता, तो तिने उचलला नाही. गाडीपाशी जाऊन तिने मान वर केली आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती आपल्या भासऱ्याशी बोलली.

"भाऊजी, खून तुमी नाही केला."

आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बायांना धाकटी सून भासऱ्याशी बोलली याचा धक्का जास्त बसला की खुनाचा, ते मला अजून कळलेलं नाही. बाबनराव तिच्याकडे पाहत राहिले. आधी काही समजलं नसावं. मग ओठ हलले.

"तुमी? तुमी... कन्हानकर साहेब?"

प्रेमिलाने मान डोलावली. तिचे डोळे भरलेले. "जुळा भाऊ पुन्हा नाही काढला नं भाऊजी. तुमी म्हटलं तवापासून नाही काढला. तुमी लिवलेलं एकेक अक्षर वाचलं मी."

मला वाटलं, आता हा माणूस गाडीवरून उतरून तडक घरी जाणार आणि दार लावून घेणार. त्यांच्या चेहऱ्यावर चार-पाच भाव येऊन गेले. पण वाचक तो वाचकच. राग गिळला, लाज गिळली, आणि कपाळाला आठी घालून त्यांनी विचारलं, "मंग खून कोनं केला?"

"असं कसं सांगू?" प्रेमिलाही लेखिका ती लेखिकाच. "शेवटचं प्रकरन संध्याकाळी आहे."

"संध्याकाळी?" बाबनराव गरजले. "तवरोक मले जाळून टाकतीन नं हे लोकं!"

"सांगा, सांगा!" गर्दी ओरडायला लागली. प्रेमिलाने हर्षाकडे पाहिलं. हर्षाने तिथेच, हातगाडीच्या दांड्याला टेकून, मोबाइल काढला आणि आदल्या रात्री चढवून ठेवलेलं शेवटचं प्रकरण सोडून दिलं. पाठोपाठ खिशाखिशातून टुंग टुंग आवाज व्हायला लागले. आणि मग मी जे दृश्य पाहिलं ते मारबतीच्या दिवशी नागपुरात कोणी पाहिलं नसेल. ढोल गप्प, ताशे गप्प, गुलालाने रंगलेली माणसं भर रस्त्यात माना खाली घालून वाचतायत. मागे ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, त्याच्याही मोबाइलवर टुंग वाजलं आणि तोही वाचायला लागला. माझा चष्मा घरी होता. मी आपली उभी.

एकेक मान वर व्हायला लागली. आणि प्रत्येक मान माझ्याकडे वळली.

"काय गा, काय झालं?" मी पिंटू पेंटरला विचारलं. तो दोन पावलं मागे सरकला. मुग्धा माझ्याकडे डोळे फाडून पाहत होती.

कादंबरीत एक 'मोठीआई' होती. लग्नघरातली थोरली सून. प्रत्येक प्रकरणात ती चहा देते, पाट मांडते, रस्सा ढवळते. तिचंही नाव निळ्या अक्षरात. पहिल्या पानापासून निळं! कोणीही, कधीही तिच्या नावावर बोट दाबलं असतं तर सगळं रहस्य तिथेच फुटलं असतं. खुनाच्या वेळी ती कुठे होती असं विचारलं की घरातले सगळे सांगतात, स्वयंपाकघरात. पण तिला तिथे पाहिलेलं कोणीच नसतं. तिला पाहायला कोणी गेलेलंच नसतं. आणि सखूबाई शेवटी विचारते, बाई, का केलं असं? तेव्हा मोठीआई एकच वाक्य बोलते. प्रत्येक लग्नात पहिला घास घेऊन 'मीठ कमी आहे' म्हणणाऱ्या त्या मामाविषयी ती म्हणते, "मीठ बरोबर होतं."

हे सगळं हर्षाने मला रस्त्यावर वाचून दाखवलं. नऊवारी नेसणारी, हातावर तेलाचा डाग असलेली, पुऱ्या किती तळल्या ते विचारलं की न मोजता बारा सांगणारी मोठीआई. ऐकता ऐकता माझा हात आपोआप मनगटावरच्या डागाकडे गेला. नवरा स्वतःला ओळखत नाही म्हणून मी तीन महिने पदर तोंडात कोंबून हसत होते!

"म्हनजे मी तिच्यावर दाबलं होतं!" गाडीवरून बाबनराव ओरडले. "मोठीआईवर! रस्सा कोनता केला ते पाह्याले दाबलं. तं तिथी लिवलं होतं, 'मोठीआई इथे नाही. चूल विझलेली आहे.' मी म्हटलं ॲप बिघडलं. असं कसं होईन? ते तं सैपाकघरातच राहते. तक्रार केली मी!"

"साऱ्या विदर्भात तुमी एकट्यानंच दाबलं भाऊजी," प्रेमिला म्हणाली. हसत होती की रडत होती कोण जाणे.

त्या क्षणी नवऱ्याचा मला जेवढा राग आला तेवढाच लोभही आला. हजारो माणसांनी मला ओलांडून काकांच्या नावावर बोट दाबलं. मीसुद्धा तेच केलं. एकट्या या माणसाने माझ्या नावावर दाबलं, रश्श्यासाठी का होईना. आणि मी तिथे नाही हे वाचून त्याला वाटलं, यंत्रच बिघडलं!

आता प्रश्न बडग्याचा. बेकसूर माणसाला जाळता येत नाही. पार्वतीबाई म्हणून आमच्या गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई, त्या काठी आपटत पुढे आल्या. "खुनी-बिनी राहू द्या," त्या म्हणाल्या. "खरा वाईट तं तो मामा आहे. मीठ कमी म्हनते मेला! जाळा त्याले."

बायांनी असा काही गलका केला की मंडळाला मत द्यायची सोयच उरली नाही. बाबनरावांनी स्वतःच्या हाताने पुतळ्याचा सफारी उतरवला, घडी घातली आणि काखेत मारला. पिंटूने ब्रशाने दोन मिशा ओढून काकांचा मामा केला. गळ्यात नवी पाटी आली: 'दुसऱ्याच्या घरी जेवून मीठ कमी म्हणणारा'. ढोल वाजले. "मीठ कमी म्हननाऱ्यांनाऽऽ घेऊन जा गे मारबत!" पुढे अध्यक्ष, त्यांच्या बाजूला कन्हानकर साहेब नऊवारीत, आणि मी? मी नाचले हो. या वयात, भर रस्त्यात, गुडघा दुखत असताना. पोरं मला पाहून ओरडत होती, खुनी आली, खुनी आली! आयुष्यात मला कोणी कशाचा संशय घेण्याजोगी समजलं नव्हतं. मला इतकं भारी वाटलं की सांगता येत नाही.

दुपारी उमरेडहून नवऱ्याच्या मामांचा फोन आला. दर वर्षी पोळ्याला येतात, दर वर्षी कढी भुरकून तेच वाक्य बोलतात; यंदा तेवढं जमलं नव्हतं. त्यांनीही वाचलं होतं. म्हणाले, "सुमती, तब्येत ठीक आहे नं तुही? नाही, मीठ बरोबरच राहते वं तुह्या हातचं. पहिल्यापासूनच."

संध्याकाळी प्रेमिलाने कोपऱ्यावरून तर्री पोहे आणले आणि आम्ही दोघी गच्चीवर जाऊन बसलो. खाली बाबनरावांचा आवाज ऐकू आला. आधी ओसरीतून, मग स्वयंपाकघरातून.

"अवं, कुठी आहेस?"

मी घास चावत राहिले.

"अवं! चहा..." मग जिन्याच्या तळाशी घसा खाकरल्याचा आवाज, आणि या खेपेला निरोप भिंतीला नव्हता. "प्रेमिला, म्हनजे कसं आहे का, तुमच्या जाऊबाई कुठी आहेत?"

प्रेमिलाने माझ्याकडे पाहिलं. मी तर्रीची वाटी तिच्याकडे सरकवली.

"मालूम नाही भाऊजी," ती वरून ओरडली. "गॅसले हात लावून पाहा नं. थंडा आहे का?"

खाली काहीतरी भांडं पडलं, आणि मग जिन्यावर त्यांची पावलं वाजायला लागली, भराभर.